अठ्ठावीस दीड

पनवेलमधल्या कुठल्याही जुन्या सायकलच्या दुकानात जाऊन "अठ्ठावीस दीडचा टायर द्या" एवढंच म्हणा. सायकल कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची, हे कुणी विचारणार नाही. दुकानदार वर टांगलेल्या टायरांतला एक काठीने खाली काढेल, आणि तो तुमच्या चाकावर बसेल. हे माप आपल्या साध्या काळ्या सायकलचं. टायरच्या कडेवर नव्या पद्धतीने ४०-६३५ असंही लिहिलेलं असतं: टायरची रुंदी चाळीस मिलिमीटर, आणि रिमवर तो जिथे बसतो तिथला व्यास सहाशे पस्तीस. हॉलंडमध्ये आजोबांची म्हणून ओळखली जाणारी सायकल याच मापाच्या चाकांवर चालते, आणि चीनमध्ये तिआनजिनच्या कारखान्यातून १९५० पासून निघालेली काळी 'फ्लाइंग पिजन'सुद्धा.

माझ्या शेजारी राहणारे मास्तर याच मापाच्या सायकलवर १९७८ पासून बसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्यावर त्यांनी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून ॲटलस घेतली. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. रायगड झालं १९८१ साली. शाळा नेऱ्याच्या पलीकडे. निवृत्त होईपर्यंत ते पनवेलहून सायकलने शाळेत गेले, आणि आजही बाजारात जायला तीच काढतात. त्यांची पुतणी स्थापत्य अभियंता आहे, रस्ते आणि वाहतूक हेच तिचं काम. ती नवीन पनवेलला राहते, ॲल्युमिनियमची एकवीस गिअरची सायकल चालवते, रविवारी पहाटे मैत्रिणींबरोबर कर्नाळ्यापर्यंत जाऊन येते. दोघांचाही सायकलवर जीव आहे, म्हणून त्यांचं भांडण ऐकण्यासारखं असतं. मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी, मास्तर सायकल उघडून ओव्हरऑइलिंग करतात. त्या दिवशी ओट्यावर सायकल उलटी ठेवलेली होती, छर्रे डिझेलच्या वाटीत पडले होते, पुतणी पाने हातात देत होती आणि मी आयताच तिथे होतो.

"काका, या सायकलमध्ये १९७८ चं उरलंय तरी काय?" तिने सुरुवात केली. "टायर किती वेळा बदलले याचा हिशेबच नाही. रिमा बदलल्या, चेन, फ्रीव्हील, पायडल, सीट, दोन्ही हब. मग तीच सायकल कशी?"

"सांगाडा तोच. चिमटा तोच. हँडल तेच. नळीवर नंबर ठोकलेला आहे, पतपेढीच्या कागदावर लिहिला होता तोच."

हा प्रश्न फार जुना आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला रथाबद्दल हेच विचारतो: आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? तत्त्वज्ञांनी त्यावर हवा तितका विचार करावा. मला मात्र त्याच्या शेजारचा एक साधा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो: इतकी वर्षं एकेक भाग बदलता आलाच कसा? मास्तरांकडे त्याचं उत्तर होतं.

"ॲटलस कंपनी १९५१ मध्ये सोनीपतला निघाली," ते म्हणाले. "तिचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी. त्याच्या आधी वरळीची हिंद सायकल गेली, आसनसोलची सेन-रॅले गेली. ॲटलसची बातमी वाचून कामगारांसाठी वाईट वाटलं, पण सायकलची काळजी वाटली नाही. कारण हिचा एकही पार्ट फक्त ॲटलसचा नाही. चेन अर्ध्या इंचाच्या कडीची, ती सगळ्यांची. मागच्या हबात दोन सुती छर्रे, पुढच्यात दीड सुती. मागच्या चाकाला चाळीस तारा, पुढच्याला बत्तीस. ॲक्सलचे आटे, कॉटर पिनेची जाडी, सगळं ठरलेलं. लुधियान्यातला कारखाना चार माणसांचा असो की चारशेंचा, तो याच मापाने माल काढतो. कंपनी गेली, माप राहिलं."

"म्हणजे तुम्ही सायकल जपली असं नाहीच. लुधियान्याने जपली."

"दोघांनी. हे धर," असं म्हणून त्यांनी हबचा कोन तिच्या तळहातावर ठेवला. "नख फिरव यावर. कुठे अडतंय?"

"इथे. बारीक खड्डा आहे."

"तो बदलायचा. खड्डा एवढासाच असतो, पण तसाच चालवला की छर्रे फुटतात, छर्रे फुटले की कप जातो, कप गेला की हब. दोन पैशांचा कोन वेळेवर बदलला नाही म्हणून चाक घालवणारी माणसं मी पाहिलीत. चेनचंही तेच. चेन सैल पडते ती तुटायला आली म्हणून नव्हे, कडीकडीची पिन झिजून लांबी वाढते म्हणून. वाढलेली चेन दात खाते. तेव्हा चेन आधी बदलायची, म्हणजे फ्रीव्हील वाचतं."

मास्तरांनी मग डाव्या पायडलला पाना लावला आणि उलटा फिरवला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर पाय मारता मारता ते आपोआप सुटून येईल. त्यांच्या शाळेतल्या पोरांना हे ठाऊक असायचं, कारण भूमितीचा कंटाळा आला की ते सायकल वर्गात आणत. सांगाड्याच्या आत पाणी कसं शिरतं हेही त्यांनी मला दाखवलं. पावसाचं पाणी सीटच्या दांड्याच्या फटीतून आत उतरतं आणि पायडलच्या आसाभोवतीच्या कवचात साचून राहतं. बाहेरचा रंग चकचकीत असताना सायकल तिथे आतून गंजते. कोकणातल्या पावसात आणि खाडीच्या हवेत जुन्या सायकली मरतात त्या बहुतेक अशाच. मास्तर दर वर्षी सीटचा दांडा उपसून काढतात, सांगाडा रात्रभर उलटा टांगतात आणि सकाळी नळीत थोडं जुनं इंजिन ऑइल ओततात. एवढ्यावर ती टिकली आहे.

"आणि लोखंड म्हणजे लोखंड," मास्तर म्हणाले. "तडा गेला तर वेल्डिंगवाला जोडून देतो. तुझं ॲल्युमिनियम तो हातात घेईल का?"

"नाही घेणार," पुतणी म्हणाली. "शास्त्रही तुमच्याच बाजूचं आहे. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली राहिला तर ते कितीही झटके सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, बारीक झटकेही साठत जातात. म्हणून ते जाड नळीचं करावं लागतं. मी ते नाकारत नाही."

"मग गेल्या वर्षीचंही सांग यांना. तीन आठवडे सायकल का पडून होती तुझी?"

तिने सांगितलं. मागचा गिअर ज्या लहानशा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टांगलेला असतो तिला हँगर म्हणतात. सायकल उजव्या अंगावर पडली की ती पट्टी वाकते. ती वाकावी अशीच बनवलेली असते, म्हणजे सांगाडा वाचतो. पण प्रत्येक कंपनीची, पुष्कळदा प्रत्येक मॉडेलची, पट्टी वेगळी. पनवेलमध्ये मिळाली नाही, वाशीतही मिळाली नाही. शेवटी बाहेरून मागवली, ती जवळपास बसेल अशी निघाली, आणि कानस मारून बसवावी लागली.

"पण काका, सायकलवाल्यांना हे आता कळलंय. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने सगळ्यांनी वापरावा असा एकच हँगर काढला, आणि पुष्कळ कंपन्यांनी तो घेतला. म्हणजे तुमचंच म्हणणं त्यांना पटलं."

"उशिरा का होईना."

"हो. आता तुम्हीही माझं एक उशिरा का होईना पटवून घ्या," असं म्हणून तिने उलट्या सायकलचा पुढचा ब्रेक ओढला. लोखंडी दांड्यांचा तो ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दोन रबरं टेकवतो. "जुलैमध्ये रिम ओली असताना हा लागतो का?"

"लागतो. दोन पायडल आधी दाबायचा."

"समोरचा डंपर दोन पायडल आधी सांगून येतो का?"

मास्तर गप्प झाले. ओल्या, क्रोमचा मुलामा दिलेल्या लोखंडी रिमवर रबर घसरतं. पाणी पुसलं जाईपर्यंत चाकाचे काही फेरे तसेच जातात. हे त्या सायकलवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि आपण ते हसण्यावारी नेतो. पुतणी त्यावर थांबली नाही. "तुमच्या मापाचं मी कौतुक ऐकलं. पण माप ठरलं की त्यातली चूकही ठरून जाते. ब्रेक सुधारायचा तर रिम बदला, रिम बदलली तर चिमटा बदला. म्हणून कुणी काही बदललंच नाही. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये जसा ब्रेक होता तसा तो पनवेलच्या पावसात आजही आहे. सगळीकडे मिळतो, हे खरं. पावसात धरत नाही, हेही खरं."

"ते मान्य आहे," मास्तर म्हणाले. ते इतक्या चटकन मान्य करतील असं तिलाही वाटलं नव्हतं. "पावसात मी जोरात जात नाही. जोरात जाण्यासाठी ती सायकलच नाही."

मग वजनावर गाडी आली. मास्तरांची सायकल वीस किलोच्या वर, पुतणीची तेराच्या आसपास. मास्तरांचं म्हणणं असं की, सात किलोंसाठी इतका खर्च कशाला? त्यांचं स्वतःचं वजन धरलं तर ओझ्यात शेकडा दहाचाही फरक पडत नाही, आणि सपाट रस्त्यावर तर तो जाणवतही नाही. एस. एस. विल्सन यांचा 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात १९७३ साली आलेला लेख ते आजही सांगतात. सायकलवर बसलेला माणूस स्वतःच्या वजनाच्या मानाने दर किलोमीटरला जितकी कमी शक्ती खर्च करतो, तितकी कुठलाही प्राणी किंवा कुठलंही यंत्र करत नाही, चालणाऱ्या माणसाच्या सुमारे पाचवा हिस्साच, असं विल्सननी दाखवलं होतं. "त्यांनी हलक्या सायकलची अट घातलेली नव्हती," मास्तर म्हणाले.

"वजनाचं सोडा. पायडलच्या एका फेऱ्यात तुमची सायकल किती पुढे जाते?"

"पुढे अठ्ठेचाळीस दात, मागे अठरा. सहा मीटर."

"सपाटीला सहा, कर्नाळ्याच्या खिंडीतही सहा. माझी सगळ्यात हलक्या गिअरवर सव्वादोन मीटर जाते. म्हणून मी खिंड बसून चढते आणि तुम्ही उतरून ढकलता. गुडघा तुमचा आहे म्हणून विचारते, पंधरा वर्षांपूर्वी गिअरची घेतली असती तर?"

"ढकलण्यात काय कमीपणा आहे? मुंबई–पुण्याची सायकल शर्यत पनवेलवरून जायची. बोरघाटात पहिला वर येईल त्याला घाटाचा राजा म्हणायचे. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवायचो. पण मी कधी राजा व्हायला निघालो नव्हतो. मी शाळेत निघालो होतो. चढ आला की उतरायचं, घाम पुसायचा, पुन्हा बसायचं. गुडघ्याने तक्रार केलेली नाही."

इथे मला पुतणीचं म्हणणं जास्त पटलं. मास्तरांचा गुडघा शाबूत राहिला हे त्यांचं भाग्य, आणि एका माणसाच्या भाग्यावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. साठीनंतर सायकल सोडून देणाऱ्या कितीतरी जणांना दोन हलके गिअर मिळाले असते तर ते आणखी दहा वर्षं चालवत राहिले असते. सायकल जपायची आणि सायकलस्वार घालवायचा, हा सौदा बरा नाही.

पण तिचा पुढचा प्रश्न याहून कठीण होता. तिने आवाज थोडा खाली आणून विचारलं, "काकूने ही कधी चालवली?"

"साडी, त्यात चोवीसचा सांगाडा आणि आडवी नळी. कशी चालवणार? लेडीज सायकल मिळायची."

"मिळायची. पण घरात सायकल यायची एकच, आणि ती ज्याला नोकरी त्याची. तामिळनाडूत पुदुकोट्टईला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेची मोहीम झाली, तेव्हा हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या, तर त्यांनी पुरुषांच्याच घेतल्या. पुढच्या नळीवर मूल बसवता येतं म्हणून काही जणींना तर त्याच बऱ्या वाटल्या. तेव्हा अडचण नळीची नव्हती, काका."

आतून काकू म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही."

त्या बाहेर आल्या नाहीत, आणि पुढे काही बोलल्याही नाहीत. मास्तर छर्रे पुसत राहिले. मला वाटतं, एकच सायकल चाळीस-पन्नास वर्षं चालवल्याच्या ज्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो, त्यांच्यात हे वाक्य कुठे बसतं ते ज्याने त्याने आपल्या घरात बघावं. महाराष्ट्रात आता मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात. सायकल मुलीच्या नावाने घरात येते, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

मास्तरांनी चाक बसवलं, ॲक्सलच्या चाक्या घट्ट केल्या आणि मग म्हणाले, "तू आता म्हणशील की आम्ही सायकली जपल्या त्या पैसे नव्हते म्हणून."

"म्हणणारच होते. स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली माणसं तुमच्याच पिढीतली ना? हातात पैसा आला, स्कूटर मिळायला लागली, आणि सायकली माळ्यावर गेल्या. तुम्हीही स्कूटर घेतली होती."

"घेतली. हिला घेऊन शिरढोणला, पेणला जायला. विकलीसुद्धा. पण शाळेत सायकलनेच गेलो. पैसे नव्हते म्हणून सायकल घेतली, हे खरं. ठेवली ती त्यासाठी नाही. पहिली दोन वर्षं मी ती चालवली. त्यानंतर कधीतरी असं झालं की चेनचा आवाज बदलला तर मला झोपेतून उठल्यासारखं कळायचं. कुठल्या उताराला ती किती पळते, कुठे हात सोडला तर डावीकडे जाते, हे माझ्या हाडात बसलं. दुसरी घेतली असती तर ते सगळं पहिल्यापासून. मला नवं शिकायचं नव्हतं असं नाही. मला मुलांना शिकवायचं होतं आणि वाटेत डोकं मोकळं हवं होतं. ही सायकल मला वाटेत काही विचारत नाही."

पुतणी हसली नाही, विरोधही केला नाही. ती म्हणाली, "हे मी समजू शकते. माझ्या सायकलला सहा वर्षं झालीत, मला अजून गिअर बदलताना खाली बघावं लागतं."

एका गोष्टीवर दोघांचं बिनसलं नाही, ती म्हणजे दुकान. मास्तर ज्याच्याकडे तारा आवळायला चाक नेतात तो कारागीर आता थकला आहे आणि त्याचा मुलगा मोबाइलच्या धंद्यात आहे. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणं हे डोळ्याचं आणि कानाचं काम. तारेवर बोट मारून आवाजावरून ती किती आवळलेली आहे ते ओळखतात. लुधियान्याहून टायर येत राहील, तारा येत राहतील, पण त्या सरळ चाकात बसवणारा माणूस गावात लागतो. पंक्चर काढणारे भरपूर आहेत. आऊट काढणारे मला पनवेलमध्ये फार दिसत नाहीत.

म्हणून माझं मत असं बनलं आहे की, एक सायकल पन्नास वर्षं टिकणं हा एकट्या मालकाचा पराक्रम नसतो. माप न बदलणारे कारखाने, आऊट काढणारा कारागीर, कर्ज देणारी पतपेढी आणि सायकल चालवता येईल असा रस्ता, एवढे सगळे मिळून ती टिकवतात. सरकारी नोकरांना पूर्वी सायकल अग्रिम मिळायचा. केंद्र सरकारने तो सातव्या वेतन आयोगानंतर बंद केला. हिशेबाच्या वहीतली एक ओळ कमी झाली, पण तिच्याबरोबर सायकल हे कामावर जायचं वाहन आहे ही कबुलीही गेली.

रस्त्याचा विषय निघाला तेव्हा मात्र मास्तरांचा आवाज चढला. "तू रस्ते बांधतेस. सांग, माझी सायकल तीच आहे, मी तोच आहे, मग मला आता नेऱ्याला जायची भीती का वाटते?"

"कारण रस्ता तो राहिला नाही. पळस्पे फाट्याला पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता फुटतो. १९८९ मध्ये न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं आणि कंटेनर आले. कळंबोलीला लोखंडाचा बाजार. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, तो कळंबोलीपासूनच सुरू होतो, आणि त्यावर सायकलला बंदी. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, तिथेही दुचाकींना मनाई. पनवेलच्या अंगणात इतके रस्ते आले, त्यांतले सगळ्यात मोठे तुमच्यासाठी नाहीतच. उरलेल्यांवर तुम्ही डंपरच्या शेजारून जाता."

"आणि तू म्हणतेस ब्रेक बदला."

"ब्रेकही बदला. पण हॉलंडचं ऐका. तुमच्याच मापाचं चाक तिथे. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांतली चारशेवर मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. १९७३ चं तेलसंकट त्याच सुमाराला आलं. मग गल्ल्यांत मोटारींचा वेग उतरवला, सायकलला वाट काढून दिली, आणि ते काम अजून चालू आहे. सायकलमध्ये त्यांनी काही केलं नाही. आजोबांची सायकल तशीच ठेवली."

"आपल्याकडे का नाही होत?"

"कारण तुम्ही मोजले जात नाही." ती आता पायरीवर बसली. "२०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या पंचेचाळीस घरांत सायकल होती. दुचाकी एकवीस घरांत, मोटार जेमतेम पाच घरांत. शेती सोडून दुसऱ्या कामाला जाणाऱ्या शंभरांतले तेरा जण सायकलने जात होते. हे घराघरांत जाऊन मोजलं म्हणून दिसलं. रस्ता रुंद करायचा असला की आम्ही नाक्यावर वाहनं मोजतो. इंडियन रोड्स काँग्रेसचा तक्ता आहे: मोटार एक धरायची, सायकल अर्धी, बैलगाडी आठ. कुणी किती जागा अडवतं, किती अडथळा करतं, त्याचं ते माप. तिला किती जागा द्यायची, याचं माप त्यात नाही."

"म्हणजे मी अर्धी अडचण."

"हो. आणि बैलगाडी आठ."

मास्तरांनी हात पुसले, आत गेले आणि पत्र्याचा एक गोल बिल्ला घेऊन आले. पूर्वी महाराष्ट्रातल्या नगरपालिका सायकलवर वार्षिक कर घ्यायच्या आणि असा बिल्ला द्यायच्या. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला, डबलसीट दिसलात, की पोलीस अडवायचा. लोक त्या कराला कंटाळलेले असत, आणि तो गेला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला होता. पुतणीने मात्र तो बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "या नंबराचा अर्थ असा की नगरपालिकेच्या वहीत गावातल्या सायकली होत्या. किती, कुणाच्या, कुठल्या आळीतल्या. कर गेला ते बरं झालं. वही गेली ते वाईट झालं."

मला हे आजवर सुचलं नव्हतं. १८५२ साली पनवेलला नगरपालिका झाली, २०१६ मध्ये महानगरपालिका. या शहरात आज सकाळी किती सायकली रस्त्यावर येतात, हे सांगणारी वही माझ्या पाहण्यात नाही. स्टेशनाबाहेर, शाळांच्या भिंतींना, बांधकामांच्या फाटकांपाशी त्या उभ्या दिसतात. दूधवाले, वॉचमन, बिगारी, क्लासला जाणारी मुलं. यांतले पुष्कळ जण एकच सायकल वर्षानुवर्षं चालवतात आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही.

"मग मोजूया," मास्तर म्हणाले.

"कोण?"

"तू आणि मी. उरण नाक्याला मी उभा राहतो, स्टेशनाकडे तू. पहाटे साडेपाचपासून. बिगारी लवकर निघतात, तुझे सरकारी मोजणारे येईपर्यंत ते कामावर पोचलेले असतात."

"एका दिवसाच्या मोजणीला काही अर्थ नाही. आठवड्यातला कामाचा दिवस हवा, रविवार वेगळा, पावसाळ्यातला वेगळा. बायका वेगळ्या रकान्यात. मुलं वेगळी."

"गिअरवाल्या वेगळ्या?"

"नको. सायकल ती सायकल."

"हे चांगलं बोललीस. आणि मागे कॅरिअरवर बसलेला?"

"तो प्रवासी. वाहन एक, माणसं दोन."

"चढावर उतरून ढकलत नेणारा?"

ती थांबली. "काका, तो आमच्या तक्त्यात पादचारी."

"का? सायकल त्याच्या हातात आहे. तो कामाला निघालाय. चढ संपला की बसणार आहे."

"मोजताना ठरवावं लागतं. त्या क्षणी तो चालतोय."

"मग मी खिंडीत पादचारी आणि खिंडीच्या पलीकडे सायकलवाला? बाय, तुझा तक्ता चुकतोय. एक रकाना वाढव."

"वाढवला तर बाकीच्या मोजण्यांशी जुळणार नाही."

"नाही जुळू दे. आधी मोज."

पिशवीतून वही काढून पुतणीने आडव्या रेघा मारायला घेतल्या, आणि रकाने सहा करायचे की सात यावर त्यांचं पुन्हा सुरू झालं.